कानांनी उघडणारं पाकीट

४ फेब्रुवारी

बटण. बटण. बटण. बटण.

सकाळपासून फोनमधलं निळं वॉलेट, माझं पैशाचं पाकीट, एवढंच बोलतंय. (निळं आहे असं हे सांगतात. माझ्यापुरतं ते बिनरंगी.) आपोआप अपडेट झालं आणि सगळ्या बटणांची नावं गेली. माझा फोन मला पडदा वाचून दाखवतो — ‘पाठवा’, ‘मिळवा’, ‘शिल्लक’ — त्याच्यावर तर माझं सगळं चालतं. आता नुसतं बटण. कुठलं बटण? दाबा आणि भोगा! शिल्लक दाखवणारा आकडाही आता चित्र झालाय म्हणे. चित्र आलं की माझा फोन मुका.

शेवटी यांना हाक मारली. हे लॅबला निघाले होते, एक पाय बुटात. तरी आले. चष्मा शोधला, वाचून दाखवलं. प्राध्यापक बाईंचे पैसे आलेत. बाई लांबच्या देशातल्या. त्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेतात, मी त्या ऐकून टाइप करते. बँकेतून पाठवलं की मधल्यामध्ये दोन-तीन जण आपापला घास घेतात, म्हणून बाई डिजिटल नाण्यांत देतात. माझी स्वतःची कमाई, माझ्या स्वतःच्या फोनमध्ये. आणि ती आली की नाही हे कळायला नवऱ्याला बूट काढून यावं लागतं.

कुरकुरले मात्र नाहीत. कधीच कुरकुरत नाहीत. तेच तर! कुरकुरले असते तर निदान भांडता आलं असतं.

५ फेब्रुवारी

निळ्यावाल्या कंपनीला लिहिलं. पाठवून हात खाली आणते तोच उत्तर! ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’ इतक्या झटकन मोलाचा वाटला म्हणजे कुणी वाचलेलाच नाही.

९ फेब्रुवारी

दादाचा फोन. त्याच्या कारखान्याला आग लागली.

कारखाना म्हणजे काय, एक मोठी खोली. तो वाद्यं दुरुस्त करतो. व्हायोलिनं, चेलो, लोकांनी विश्वासाने ठेवलेली जुनी वाद्यं. माणसं वाचली, म्हणजे तो वाचला. हाताला थोडं भाजलंय. बाकी लाकूडच ते, भरभरून पेटलं. हे सगळं दुसऱ्याच कुणाचं झाल्यासारखं सांगत होता. मी रडले तर म्हणाला, अगं, तू कशाला रडतेस, वाद्यं माझी होती का? लोकांची होती.  लोकांची होती, हाच तर घोर.

मदत मागितली नाही. मागणारही नाही. मेला तरी मागायचा नाही.

यांना सांगितलं. ‘वाईट झालं,’ म्हणाले. खरंच वाईट वाटलेलं, आवाजावरून कळतं. पण पुढे एक शब्द नाही. या दोघांचं बोलणं बंद झालं त्याला माझेच डोळे कारण. माझं दिसणं संपत आलं तेव्हा दादा येऊन यांना म्हणाला होता, ‘तुम्हाला झेपायचं नाही. तिला माझ्याकडे पाठवा.’ हे उठून आतल्या खोलीत गेले ते दादा जाईपर्यंत बाहेर आलेच नाहीत. मी मधल्या खुर्चीवर. दोघं माझ्यावरून भांडले आणि मला कुणी विचारलं नाही — सामान कुठे ठेवायचं ते सामानाला थोडंच विचारतात!

१० फेब्रुवारी

दादाला पाठवायचेत. ठरलं. माझ्याकडे साठलेत ते सगळे.

पण बँकेचं खातं दोघांच्या नावावर. आणि नाणी त्या निळ्यात, जे आता यांच्या डोळ्यांशिवाय उघडत नाही. ‘कुणाला पाठवायचेत?’ असं हे विचारणारच. वाईट हेतूने नाही, समोरच्याच्या वॉलेटचा पत्ता (इंग्रजी अक्षर-आकड्यांची लांबलचक माळ) वाचून दाखवायचा तर विचारावंच लागतं. मग मी ‘दादाला’ म्हणायचं. मग हे ‘बरं’ म्हणणार. त्या ‘बरं’चा आवाज मला ऐकायचा नाहीये.

माझे पैसे, माझा भाऊ, आणि मधे यांचे डोळे.

१२ फेब्रुवारी

आमच्या न दिसणाऱ्यांच्या गटात विचारलं. तिघांनी एकाच वॉलेटचं नाव घेतलं. ओपन सोर्स आहे म्हणाले. म्हणजे ते ज्या आज्ञांवर चालतं त्या सगळ्या उघड्यावर ठेवलेल्या असतात. कुणीही वाचाव्या, चुका काढाव्या, दुरुस्त्या सुचवाव्या.

मला आधी धडकीच भरली. पैशाचं पाकीट आणि उघड्यावर? एकानं समजावलं: कुलूप कसं बनवलंय ते उघडं आहे, किल्ली नाही. किल्ली फक्त तुमच्याकडे. आणि निळ्यात? तिथे कुलूपही झाकलेलं, आणि किल्लीसुद्धा कंपनीकडेच! मला आजवर ठाऊकच नव्हतं. ‘तुमचे पैसे आमच्याकडे सुरक्षित आहेत’ असं लिहिलेलं असायचं, मला ते किती छान वाटायचं.

जेवताना यांना असंच, आडून विचारलं: सगळ्यांना आतलं दिसतं अशी वस्तू जास्त भरवशाची, की झाकलेली? हे कवळ्या बनवतात, लगेच कवळीवर गेले. म्हणाले, जो लॅबवाला डॉक्टरला साचा दाखवत नाही, त्याची कवळी मी तोंडात घालणार नाही.

१४ फेब्रुवारी

घेतलं. फुकट. नाव विचारलं नाही, जन्मतारीख नाही, काही नाही. नव्या भाडेकरूसारखं गुमान येऊन बसलं.

बटणांना नावं आहेत! ‘पाठवा’ ऐकून इतकं बरं वाटलं की तीनदा ऐकलं.

पण आनंद टिकला नाही. पुढच्या पानावर वॉलेट बारा शब्द देतं. तीच किल्ली. फोन हरवला, मोडला, उद्या हे वॉलेट बनवणारेच उठून गेले, तरी ते शब्द दुसऱ्या तशाच वॉलेटला सांगितले की पैसे परत हातात. इतकी मोलाची गोष्ट, आणि त्या पानावर माझा फोन मुका. शिवाय पाठवायचा पत्ता वाचतं तो एका दमात, तोंडात भात कोंबून बोलल्यासारखा. त्यात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर पैसे गेले गंगेला.

खाली लिहिलेलं: अडचण आल्यास इथे कळवा. कळवलं. बऱ्याच रागाने कळवलं. इथेही एक ‘मोलाचा’ येईल.

१५ फेब्रुवारी

आला. पण माणसाचा!

त्याच्या नावापुढे एक चित्र आहे, माझा फोन ते ‘कुंडीतलं रोप’ असं वाचतो. म्हणून मी त्याला माळी म्हणते. माळ्यानं क्षमा मागितली आणि विचारलं, ‘तुम्हाला नेमकं काय ऐकू येतं?’

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. ‘तुम्हाला किती दिसतं’ हे मात्र वाटेवरचा प्रत्येक जण विचारतो.

१७ फेब्रुवारी

माळ्यासाठी माझ्या फोनचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवलं. बारा शब्दांच्या पानावरची शांतताही. त्यानं लिहिलं, हे पान मीच बनवलंय, ते असं ऐकू येतं हे मला आज कळलं. सरळ कबूल केलं. कंपनीत असता तर कबूल करायला आधी वरून परवानगी लागली असती.

तो कुणी पगारी माणूस नाही. दिवसा दुसरीकडे नोकरी करतो, उरल्या वेळात हे. का करता असं विचारलं तर म्हणाला, मीही हेच पाकीट वापरतो.

२० फेब्रुवारी

माळ्यानं दुरुस्ती मांडली. आणि मांडल्यावर ती सगळ्यांसमोर जाते, हवी त्यानं चिरफाड करावी. एक जण आहे, त्याला प्रत्येक गोष्टीत शंका. मी त्याचं नाव शंकासुर ठेवलं. शंकासुराचं म्हणणं: बारा शब्द मोठ्याने वाचले आणि शेजारी कुणी बसलेलं असलं तर?

खरंय! मला सुचलंच नव्हतं. डोळसांना वाटतं आंधळ्याचं घर रिकामं असतं. माझ्या घरात हे असतात, शेजारीण असते, दारावर कुरिअरवाला असतो. ठरलं की वॉलेट आधी सांगेल, ‘इयरफोन लावा’, आणि ते लागल्याशिवाय शब्द उच्चारणार नाही.

माझीही एक मागणी. पत्ता चार-चार अक्षरांचे गट करून, मधे श्वास घेऊन वाचा. माळी म्हणाला, झालंच समजा.

बाईंच्या दोन मुलाखती पडून आहेत. बसायला हवं.

२४ फेब्रुवारी

खोट्या नाण्यांवर सराव चाललाय. सरावापुरती नाणी असतात, हरवली तरी कुणाचं काही जात नाही. मी माळ्याला पाठवते, तो मला परत पाठवतो, लहानपणी भातुकलीत व्हायचा तसा व्यवहार. चार-चार अक्षरं आता खणखणीत ऐकू येतात. लहान लिपीतलं इंग्रजी अक्षर आणि मोठ्या लिपीतलं यात आवाजाचा फरकही ठेवलाय. तो माझ्या मागणीत नव्हता. त्यानंच केला.

हे डोकावून गेले. ‘हल्ली फार हसतेस फोनमध्ये.’ मी म्हटलं, काम आहे. खोटं नाही, पण अर्धंच.

२६ फेब्रुवारी

चिडचिड! सगळं झालं होतं, आज नवं वॉलेट बाहेर पडणार होतं, आणि शंकासुरानं खोडा घातला. पुन्हा थांबा!

दादाच्या खोलीची राखसुद्धा आतापर्यंत गार झाली असेल, आणि हे मला थांबा म्हणतात.

२७ फेब्रुवारी

माफ कर बाबा शंकासुरा. त्यानं काय शोधलं ते माळ्यानं आज सोपं करून सांगितलं. शब्द वाचून झाल्यावर ते फोनच्या आठवणीत तसेच राहत होते. पुसलेच जात नव्हते. दुसऱ्या एखाद्या लबाड अॅपनं तिथे हात घातला असता तर माझी किल्ली त्याच्या हातात! माळ्याची चूक, मुद्दाम नाही, घाईतली. माझ्याच घाईतली म्हणा.

दुपारभर हेच डोक्यात. अशी चूक निळ्यात झाली असती तर? कुणी पाहिली असती? झाली नसेलच कशावरून? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण त्या मुठीत माझे पैसे असतील तर मला ती उघडीच हवी. शंकासुर ना माझा सोयरा ना धायरा. त्याला माझं नावही ठाऊक नाही. तरी वाचत बसला, ओळ न ओळ.

२ मार्च

बाहेर पडलं! बदलांच्या यादीच्या शेवटी आभार मानलेत: माळ्याचे, शंकासुराचे (त्याचं खरं टोपणनाव भलतंच गोड आहे) आणि ‘कानसेन’चे. कानसेन म्हणजे मी. गाणारा तो तानसेन, ऐकणारी ती कानसेन!

यांना सांगावंसं इतकं वाटलं. जीभ चावून बसले.

४ मार्च

निळ्यातून पैसे हलवले. निळ्यात यांचे डोळे लागणारच होते. म्हटलं, दुसरं वॉलेट घेतलंय, ते बोलतं, तिकडे हलवायचेत. यांनी एकेक करून सगळं वाचलं, दाबलं. पैसे पोचले ते मात्र माझ्या फोननं आधी मला सांगितलं, मग मी यांना.

‘म्हणजे आता माझं काम संपलं,’ म्हणाले. हसत म्हणाले. चष्म्याचं घर मिटल्याचा आवाज आला, जरा जोरात.

५ मार्च

दादालाही हेच वॉलेट घ्यायला लावलं आणि त्याचा पत्ता मागून घेतला. नको-नको चाललं होतं त्याचं. म्हटलं, वाच मुकाट. तो फोनवर वाचत गेला, मी टाइप करत गेले, आणि मग इयरफोनमध्ये चार-चार अक्षरं माझ्या कानांनी ताडून पाहिली. आधी चिमूटभर पाठवले. पोचले. मग बाकीचे.

‘पाठवा’ दाबण्याआधी ते पुन्हा एकदा ऐकलं. 

 दादा म्हणाला, ‘कुणाकडून करून घेतलंस?’

‘कुणाकडून नाही.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे मी केलं.’

नाक ओढल्याचा आवाज आला. सर्दी झालीय म्हणाला. एवढा मोठा झाला तरी रडणं सर्दीवरच ढकलतो.

८ मार्च

यांना सांगून टाकलं. लपवून पाठवले हे आणखी लपवायचं नव्हतं. सगळं सांगितलं: दादाला पाठवलेले पैसे, माळी, कानसेन.

‘बरं,’ म्हणाले.

९ मार्च

कपबशा जोरात ठेवतायत. बाकी शांतता.

११ मार्च

आज बोलले. लॅबमधून लवकर आले, हाताला अजून प्लॅस्टरचा वास. माझ्या शेजारी बसले.

‘त्याला पाठवलेस याचं मला काही नाही. पाठवायलाच हवे होते. मी विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, आणि मी पाठवून दिले असते. नक्की दिले असते.’

मी म्हटलं, माहीत आहे.

‘मग?’

म्हटलं, अहो, तेच तर. तुम्ही पाठवून दिले असते. मला पाठवायचे होते.

 मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, ‘मला आवडायचं तुला वाचून दाखवायला.’

 मी आजवर ते यांच्या डोक्यावरचं ओझं समजत होते आणि जमेल तिथून ते उतरवायला बघत होते. यांच्या बाजूनं ते ओझं नव्हतंच. दिवसातून चार घटका आम्ही एका पडद्यासमोर खांद्याला खांदा लावून बसायचो — यांच्या लेखी तेच सगळं होतं. मला कसं नाही ऐकू आलं?

मग म्हणाले, ऐकव बरं मलाही, कसं बोलतं ते. एक इयरफोन यांच्या कानात, एक माझ्या. पत्ता लावला.

‘फार भरभर बोलतं गं!’

वेग कमी केला. आणखी कमी केला. मग ऐकत बसलो दोघं, कुठल्याशा जुन्या व्यवहाराचा पत्ता, चार अक्षरं, श्वास, चार अक्षरं.

म्हटलं, आणि वाचून दाखवायचंच असेल तर पुस्तकं पडलीत की कपाटभर. पैशाची कागदपत्रं वाचण्यात कसली हौस!

१२ मार्च

पुस्तक सुरू. हे बायकांच्या आवाजात बायकांचे संवाद वाचतात. असह्य. थांबवणार नाही.

१४ मार्च

माळ्याचा निरोप. आमची दुरुस्ती आणखी दोन वॉलेटवाल्यांनी उचलून आपल्यात घातली. विचारावं लागत नाही, उघडीच आहे, ज्याला हवी त्यानं न्यावी. मी विचारलं, तुम्हाला राग नाही येत, कष्ट तुमचे आणि नेलं दुसऱ्यानं? तर म्हणे, कानसेनबाई, रोपाची फांदी नेऊन कुणी दुसरीकडे लावली तर माळ्याला राग येतो का?

म्हणजे मी त्याला मनात माळी म्हणते हे कधीतरी लिहून बसले होते वाटतं! कानशिलं गरम झाली.

निळं वॉलेट आज काढून टाकलं. जाता जाता विचारलं त्यानं: बटण? बटण?

१६ मार्च

दुपारी दादाचा फोन आला. माझ्या नाही, यांच्या फोनवर. हे गॅलरीत जाऊन बोलले, दार ओढून घेतलं. मी इयरफोन घालून मुलाखत टाइप करत राहिले, एकही शब्द धड उतरला नाही.

आत आले, समोर बसले, आणि मला वाचून दाखवायचे त्याच सावकाश आवाजात सांगितलं. दादाचे डोळे जातायत, कडेकडेचं दिसेनासं झालंय. माझाच आजार, घराण्यातला. बरेच दिवस झाले, कुणाला बोलला नाही. लाकूड जोडायचा सरस तापवायला लावलेला दिवा बाजूलाच जळत होता, त्याला दिसलाच नाही, म्हणून लागली आग. मला सांगायचा त्याला धीर होईना. म्हणून यांना विचारत होता, कानांनी फोन चालवायला सुरुवात कुठून करायची.

‘मग तुम्ही काय सांगितलंत?’

‘म्हटलं, मला नाही येत. बहिणीला विचारा.’

उद्या सकाळी पहिला धडा. दादाला कळवलंय, फोन हातात घे आणि डोळे मिटून बस.